दप्तर हुकमाने उघडते, विद्यापीठ हुकमाने घडत नाही : कुलगुरू जदुनाथ सरकार

🧵 धागा

१/ महाराष्ट्रात एखाद्या विद्यापीठाच्या कुलगुरूची निवड जवळ आली की एक मागणी हमखास ऐकू येते : मर्जीतला माणूस नको, खरा विद्वान बसवा; म्हणजे सारे सुरळीत होईल. मागणीचा पहिला भाग रास्त आहे. दुसरा भाग मात्र इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही, आणि तो टिकत नाही हे सांगणारा सर्वांत बोलका दाखला खुद्द एका इतिहासकाराचाच आहे.

२/ सुमारे शंभर वर्षांपूर्वी कलकत्ता विद्यापीठात हा प्रयोग होऊन गेला. त्या काळच्या हिंदुस्थानातील सर्वांत साक्षेपी म्हणून गणला जाणारा इतिहासकार कुलगुरू झाला. विद्वत्ता निर्विवाद, राहणी करडी, श्रमाची ताकद अफाट. १९२६ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी पद स्वीकारले, १९२८ च्या ऑगस्टमध्ये ते पायउतार झाले. त्या दोन वर्षांची आठवण आज फारसे कोणी काढत नाही. त्या इतिहासकाराचे नाव सर जदुनाथ सरकार.

३/ मराठी वाचकाला हे नाव वेगळ्या कारणासाठी ठाऊक असते. ‘शिवाजी अँड हिज टाइम्स’ (१९१९) लिहिणारे आणि पुण्याच्या संशोधकांशी दीर्घकाळ वाद घालणारे बंगाली पंडित, ही त्यांची येथील ओळख. त्यांच्याविषयी येथे दोनच सूर लागतात. फारसी व इंग्रजी साधनांवर विसंबून मराठी साधनांना कमी लेखणारा परका, हा एक. पुराव्यावाचून अक्षर न लिहिणारा ऋषी, हा दुसरा. या दोन्ही सुरांत कुलगुरू जदुनाथ हरवून गेले आहेत.

४/ हे हरवणे परवडणारे नाही. त्यांच्या अपयशातून विद्वत्ता आणि सत्ता यांच्या नात्याविषयी जे कळते, ते त्यांच्या पाच खंडांच्या ‘औरंगजेबा’तून कळत नाही. आणि त्याच काळात पुण्यात त्यांना मिळालेल्या एका मोठ्या यशाशेजारी ते अपयश ठेवले, तर धडा अधिकच स्पष्ट होतो.

५/ प्रथम माणूस. जन्म १८७०, राजशाही जिल्ह्यातील करचमारिया गावी, जमीनदार घराण्यात. प्रेसिडेन्सी कॉलेजचे विद्यार्थी, एम. ए. इंग्रजी विषयात, १८९२ साली, प्रथम वर्गात प्रथम. १८९७ साली कलकत्ता विद्यापीठाची प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती. हे प्रेमचंद रायचंद म्हणजे मुंबईचे कापसाचे व्यापारी. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर ज्यांच्या देणगीतून उभा राहिला, तेच. कलकत्त्याच्या बुद्धिमंतांचा सर्वोच्च मान मुंबईच्या पैशातून चालत असे.

६/ ‘इंडिया ऑफ औरंगजेब’ १९०१ साली आले. ‘हिस्टरी ऑफ औरंगजेब’चे पाच खंड १९१२ ते १९२४ या काळात. त्यासाठी फारसी हस्तलिखितांच्या नकला मिळवल्या, मराठी शिकले, रणांगणे पायांखाली घातली. या काळात नोकरी मात्र बहुतांशी कलकत्त्याबाहेर : पाटणा, मग काही काळ काशी हिंदू विद्यापीठ, मग कटकचे रॅव्हेन्शॉ कॉलेज, पुन्हा पाटणा. सुमारे पाव शतक ते कलकत्ता विद्यापीठाच्या अंतर्गत व्यवहाराकडे दुरून पाहत होते. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरतो.

७/ आता विद्यापीठ. १८५७ साली स्थापन झालेली कलकत्ता, मुंबई व मद्रास ही विद्यापीठे मूलतः परीक्षा घेणारी कार्यालये होती. शिकवणे महाविद्यालयांचे काम. विद्यापीठाने प्रश्नपत्रिका काढाव्यात आणि पदव्या द्याव्यात. लॉर्ड कर्झनच्या १९०४ च्या कायद्याने विद्यापीठांना स्वतः शिकवण्याची वाट मोकळी केली, पण त्याच कायद्याने सरकारची पकडही घट्ट केली. शंभरांपर्यंतच्या सिनेटमध्ये निवडून येणारे सदस्य अवघे वीस. बाकीच्यांत बहुतेक सरकारने नेमलेले.

८/ या आवळलेल्या चौकटीत एका न्यायाधीशाने विद्यापीठ उभारले. आशुतोष मुखर्जी. तरुणपणी गणिती, तेही प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्तीचे मानकरी, १९०४ पासून कलकत्ता उच्च न्यायालयात न्यायमूर्ती. १९०६ ते १९१४ सलग चार वेळा कुलगुरू, पुन्हा १९२१ ते १९२३. सरकारने भरलेल्या सिनेटमध्ये त्यांनी स्वतःचे बहुमत तयार केले. ते हुकमाने तयार झाले नाही. एकेक सदस्य समजावून, सांभाळून, प्रसंगी उपकृत करून तयार झाले.

९/ तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष या दोन यशस्वी वकिलांकडून त्यांनी लाखो रुपये मिळवले आणि विज्ञान महाविद्यालय काढले. १९१७ साली पदव्युत्तर अध्यापन विद्यापीठाच्या कक्षेत आणले. माणसे निवडताना प्रांत पाहिला नाही. अर्थखात्यातील एका तमिळ अधिकाऱ्याला भौतिकशास्त्राचे पालित अध्यासन दिले : चंद्रशेखर व्यंकट रामन. म्हैसूरहून तत्त्वज्ञानासाठी राधाकृष्णन आणले. मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस यांना ऐन तरुण वयात अध्यापक केले.

१०/ आणि प्राचीन भारतीय इतिहासाच्या कारमायकेल अध्यासनावर एका मराठी पंडिताला बसवले : रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे पुत्र देवदत्त भांडारकर. १९१७ पासून जवळजवळ दोन दशके ते तेथे होते. मराठ्यांच्या इतिहासाचे अध्ययनही याच विभागात रुजले. सुरेंद्रनाथ सेन यांनी सभासदाच्या बखरीचा इंग्रजी अनुवाद १९२० साली आणि मराठ्यांच्या राज्यव्यवस्थेवरील ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध केला, तो येथूनच.

११/ जदुनाथांना हे सारे मान्य नव्हते. रामानंद चॅटर्जींच्या ‘मॉडर्न रिव्ह्यू’ मासिकातून त्यांनी कलकत्ता विद्यापीठावर कठोर टीका चालवली होती. आक्षेप असे : परीक्षा सैल झाल्या आहेत, पदव्युत्तर विभाग ऐपतीबाहेर वाढवला आहे, नेमणुकांत गुणांपेक्षा निष्ठा पाहिली जाते, हिशेबाला शिस्त नाही, आणि सारे विद्यापीठ एका माणसाच्या इच्छेवर चालते.

१२/ यांतील बरेच आक्षेप खरे होते, हे आशुतोषांच्या चाहत्यांनी मान्य करायला हवे. विद्यापीठाच्या उत्पन्नाचा मोठा भाग परीक्षा शुल्काचा. मॅट्रिकला जितके अधिक उत्तीर्ण, तितकी महाविद्यालयांत गर्दी अधिक. जितकी गर्दी अधिक, तितके पुढच्या परीक्षांचे शुल्क अधिक. आणि त्याच शुल्कावर पदव्युत्तर विभाग पोसला जाई. परीक्षा सैल ठेवण्यात संस्थेचा आर्थिक स्वार्थ गुंतला होता. हे दुष्टचक्र जदुनाथांनी नेमके ओळखले होते.

१३/ आजचा मराठी वाचक हे वर्णन वाचून चपापेल. प्रवेशांची संख्या, शुल्क, विनाअनुदानित तुकड्या, निकालांची टक्केवारी यांचे नाते त्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. निदान अचूक होते. वाद औषधाचा आहे.

१४/ कारण त्याच चक्राची दुसरी बाजू जदुनाथांच्या लेखनात क्षीण आहे. सरकार पैसा देत नव्हते. आणि देऊ केला, तर अटींसह. १९२२ साली बंगाल सरकारने अडीच लाख रुपयांचे अनुदान देऊ केले, त्यासोबत विद्यापीठाच्या कारभारावर नियंत्रण आणणाऱ्या अटी जोडल्या. आशुतोषांच्या नेतृत्वाखाली सिनेटने ते नाकारले. शिक्षकांचे पगार थकलेले असताना नाकारले. शुल्कावर जगणे हा सैलपणा होता, तसाच तो स्वायत्ततेचा मोबदलाही होता.

१५/ १९२३ साली गव्हर्नर आणि कुलपती लॉर्ड लिटन यांनी आशुतोषांना पुन्हा नेमण्याची तयारी दाखवली. अट अशी की त्यांनी सरकारला विरोध सोडून सहकार्य करावे. आशुतोषांनी जळजळीत पत्र लिहून ते पद धुडकावले. पुढच्याच वर्षी, मे १९२४ मध्ये, त्यांचे निधन झाले. बंगालच्या मनात त्यांची प्रतिमा आता वादातीत झाली : सरकारपुढे न वाकलेला कुलगुरू.

१६/ आणि दोन वर्षांनी, १९२६ साली, त्याच लॉर्ड लिटननी नेमणूक केली ती आशुतोषांच्या सर्वांत कडव्या टीकाकाराची. जदुनाथ नुकतेच सरकारी शिक्षणसेवेतून निवृत्त झाले होते. त्याच वर्षी त्यांना सी. आय. ई. हा किताब मिळाला होता. कलकत्त्याच्या कुलगुरुपदावर तोवर बहुतांशी न्यायाधीश, वकील अशी मंडळी येत असत. आयुष्यभर वर्गात शिकवलेला हाडाचा अध्यापक तेथे येणे ही एरवी आनंदाची वार्ता. पण ती कोणाच्या हातून आली, हेच सर्वांनी पाहिले.

१७/ येथे जदुनाथांचे भक्त म्हणतात : नेमणारा कोणी का असेना, माणूस प्रामाणिक होता ना? होता. परंतु विद्यापीठात अधिकार दोन ठिकाणांहून येतो. एक कागदावरचा, नेमणुकीच्या पत्रातून येणारा; दुसरा सभागृहातील, सहकाऱ्यांच्या संमतीतून येणारा. जदुनाथांकडे पहिला होता. दुसरा त्यांच्याकडे नव्हता, आणि तो मिळवण्याचे काम त्यांना कमीपणाचे वाटले असावे, असा त्यांच्या साऱ्या वर्तनाचा अर्थ लागतो.

१८/ सिनेट आणि सिंडिकेट यांत आशुतोषांच्या वर्तुळातील मंडळींचे वजन कायम होते. त्यांचे तरुण चिरंजीव श्यामाप्रसाद हेही त्यांत. जदुनाथांनी शिस्त आणि दर्जा यांचा आग्रह धरला, त्याला गटबाजीने उत्तर मिळाले. मुदत संपली. पुढची मुदत झाली नाही. १९३४ साली त्याच पदावर वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी श्यामाप्रसाद आले. आशुतोषांचे घर जिंकले, हे त्या काळच्या कलकत्त्याने मनोमन जाणले.

१९/ हा पराभव म्हणजे क्षुद्रांनी केलेला थोराचा छळ, असे चित्र रंगवणे सोपे आहे. त्यात सत्याचा अंशही आहे. आशुतोषांच्या मागे उरलेल्या गटात ध्येयापेक्षा हितसंबंध अधिक होते, आणि विद्यापीठ जणू एका घराण्याचे वतन व्हावे अशी स्थिती आली होती. पण चित्र तेवढ्यावर थांबवणे म्हणजे जदुनाथांच्याच पद्धतीला सोडचिठ्ठी देणे. त्यांनी शिकवले ते असे : पुरावा पाहा, तोही आपल्या बाजूविरुद्धचा आधी पाहा.

२०/ तर पुरावा पाहू. २८ फेब्रुवारी १९२८. कलकत्त्यात बहुबाजार रस्त्यावरील विज्ञान संस्थेच्या प्रयोगशाळेत रामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रकाशाच्या विकिरणाचा जो परिणाम निश्चित केला, त्याला दोन वर्षांनी नोबेल पारितोषिक मिळाले. त्या दिवशी रामन कलकत्ता विद्यापीठाचे पालित प्राध्यापक होते. आणि विद्यापीठाचे कुलगुरू होते जदुनाथ सरकार.

२१/ जदुनाथांचा रोख रामन यांच्यावर नव्हता, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. पण ज्या उधळ्या, ऐपतीबाहेरच्या, एका माणसाच्या हट्टातून वाढलेल्या पदव्युत्तर रचनेवर त्यांनी वर्षानुवर्षे कोरडे ओढले, तिचेच ते फळ होते. पदवीधर घडवण्याच्या कारखान्यात संशोधनाची बाग लावली, तर काही झाडे वठणार, काही तण माजणार. आशुतोषांनी ती जोखीम पत्करली. जदुनाथांना तण दिसले.

२२/ यावर खरा आक्षेप असा येईल : एका रामनमुळे शंभर निकृष्ट नेमणुका क्षम्य ठरतात काय? ठरत नाहीत. पण निकृष्ट नेमणूक दुरुस्त करण्याचा मार्ग विद्यापीठाच्या आतून जातो : अभ्यासमंडळ, निवड समिती, परीक्षकांची अदलाबदल, सहकाऱ्यांचे मत वळवणे. हे काम संथ, कंटाळवाणे आणि यशाची हमी नसलेले. सरकारच्या पाठबळाने वरून दिलेला धक्का ही त्याची जागा घेऊ शकत नाही. धक्का मिळताच चांगले आणि वाईट दोन्ही एकाच तटबंदीआड एकत्र होतात. कलकत्त्यात नेमके तसेच घडले.

२३/ आता पुणे. येथे हाच माणूस, हीच पद्धत, आणि निकाल उलट.

२४/ १८१८ साली पेशवाई बुडाली तेव्हा तिचे दप्तर इंग्रजांच्या हाती गेले. हजारो रुमालांत बांधलेले हिशेब, पत्रे, रोजकीर्दी पुण्यात सरकारी कोठडीत पडून होत्या. अभ्यासकांना तेथे सहज प्रवेश नव्हता. न्यायमूर्ती रानडे यांच्या खटपटीतून रोजनिश्यांचे काही उतारे बाहेर आले, बाकी अंधार. सरकारला भय असे की जुन्या इनामांचे आणि वतनांचे दावे यातून नव्याने उकरले जातील.

२५/ इतिहासाचार्य राजवाडे आणि १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ यांनी यावर आपला मार्ग काढला होता. सरकारी दार बंद, तर लोकांची दारे ठोठवायची. वाड्यांच्या माळ्यांवरून, देवघरांतून, वाण्यांच्या रद्दीतून कागद गोळा करायचे. राजवाड्यांचे ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ हे बावीस खंड त्याच वणवणीतून उभे राहिले. सरकारचा पैसा नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही.

२६/ जदुनाथांनी दुसरा मार्ग धरला. मुंबई सरकारकडे त्यांच्या शब्दाला मान होता. त्यांनी आपले मित्र, बडोद्याच्या सेवेतून निवृत्त होऊन कामशेतला राहिलेले रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई, यांचे नाव सुचवले. सरकारने दप्तर निवडीचे काम सरदेसायांवर सोपवले. १९३० ते १९३४ या अवघ्या काही वर्षांत ‘सिलेक्शन्स फ्रॉम द पेशवा दफ्तर’चे ४५ खंड छापून बाहेर पडले. पाठोपाठ दोघांच्या देखरेखीखाली पुण्याच्या रेसिडेन्सीचा इंग्रजी पत्रव्यवहारही आला.

२७/ मंडळाच्या मंडळींना हे झोंबले, आणि ते स्वाभाविक होते. ज्यांनी आयुष्यभर पदरमोड करून कागद गोळा केले, त्यांना दाराबाहेर ठेवून सरकारने आपल्या विश्वासातील माणसाला किल्ली दिली. दत्तो वामन पोतदार आणि त्यांचे सहकारी यांचा रोष केवळ मत्सर म्हणून उडवून लावता येत नाही. दप्तर काही निवडक हातांत जाणे आणि दप्तर खुले होणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

२८/ तरीही हिशेब मांडला तर मान्य करावे लागते : ते ४५ खंड नसते, तर अठराव्या शतकाचा इतिहास पुढची कित्येक वर्षे चाचपडत राहिला असता. त्या खंडांचा लाभ मंडळाच्या अभ्यासकांनीही घेतला, जदुनाथांच्या कट्टर विरोधकांनीही घेतला. छापलेला कागद कोणाचा गट पाहत नाही.

२९/ मग एकच माणूस पुण्यात यशस्वी आणि कलकत्त्यात अयशस्वी का? उत्तर कामाच्या स्वरूपात आहे. दप्तर ही मुकी वस्तू. किल्ली ज्याच्या हाती, त्याने दार उघडले की काम सुरू होते. कागदाची संमती घ्यावी लागत नाही. एक जाणता, दोनचार कष्टाळू मदतनीस आणि सरकारचा हुकूम, इतके पुरते. विद्यापीठात मात्र प्रत्येक रुमाल बोलतो. त्याला मत असते, अहंकार असतो, हक्क असतो. तेथे हुकमाने फार तर दार बंद करता येते.

३०/ इतिहासकाराच्या गुणांचीच येथे अडचण होते, हे विशेष. जदुनाथ एकट्याने काम करणारे. साक्षीदार खोटा ठरला की त्याला बाद करायचे, ही त्यांची शिस्त. बखर अविश्वसनीय, तर बखर बाजूला. ग्रंथात हे शोभते. सभागृहात ज्याचे म्हणणे आपल्याला पटत नाही, तोही उद्या मतदानाला येतो. त्याला बाद करता येत नाही.

३१/ ‘ते इंग्रजधार्जिणे होते’ एवढेच म्हणून विषय मिटवणाऱ्यांनाही उत्तर द्यायला हवे. इंग्रजी राजवटीने हिंदुस्थानात नवयुग आणले, अशी त्यांची धारणा होती. १९२९ साली त्यांनी ‘सर’ हा किताबही घेतला. पण पेशव्यांचे दप्तर अंधारात ठेवणाऱ्या सरकारकडूनच त्यांनी ते बाहेर काढवले. हुजरेगिरी करणारा माणूस एवढी वर्षे एका दाराचा पिच्छा पुरवत नाही. त्यांचा दोष निष्ठेत नव्हता; योग्य माणूस वरून नेमला की संस्था सुधारते, या श्रद्धेत होता.

३२/ पद सोडल्यावर जदुनाथांनी जे केले, त्यातच त्यांचे खरे मोठेपण आहे. कटुतेचे आत्मचरित्र लिहिले नाही, कामाला लागले. ‘फॉल ऑफ द मुघल एम्पायर’चे चार खंड १९३२ ते १९५० या काळात आले, शेवटचा, ते ऐंशीच्या घरात असताना. ‘हाउस ऑफ शिवाजी’ १९४० साली. आग्र्याच्या प्रसंगावर प्रकाश टाकणारी जयपूर दरबारची पत्रे मराठी वाचकांपुढे आणण्याचे श्रेयही त्यांचेच.

३३/ आणि इतिहासाने एक सूड फार सौम्यपणे उगवला. आशुतोषांनी १९१४ साली कलकत्ता विद्यापीठात घेतलेला एक तरुण अध्यापक, रमेशचंद्र मजुमदार, पुढे १९३७ ते १९४२ ढाका विद्यापीठाचा कुलगुरू झाला. ढाका विद्यापीठाने बंगालचा बृहद् इतिहास हाती घेतला. पहिला खंड मजुमदारांनी १९४३ साली संपादित केला. दुसरा खंड १९४८ साली निघाला. त्याचे संपादक जदुनाथ सरकार. ज्या विभागावर टीका केली, त्याच विभागातून पुढे आलेल्या माणसाशेजारी त्यांचे नाव छापले गेले.

३४/ त्याच विभागातील सुरेंद्रनाथ सेन पुढे आज ज्याला राष्ट्रीय अभिलेखागार म्हणतात त्याचे प्रमुख आणि नंतर दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पुण्यात १९३५ साली भरलेल्या आधुनिक इतिहास परिषदेतून आजची भारतीय इतिहास परिषद वाढली; तिच्यामागे पुढाकार पोतदारांचा. तेच पोतदार १९६१ ते १९६४ पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. म्हणजे इतिहासकार कुलगुरू होऊ शकत नाही, असा निष्कर्ष येथून निघत नाही. ही माणसे त्या पदावर येण्यापूर्वी अनेकांबरोबर मिळून संस्था चालवायला शिकली होती.

३५/ आजच्या महाराष्ट्राकडे वळू. शोध समिती नावे सुचवते, राज्यपाल कुलपती या नात्याने त्यांतून निवड करतात. वर्तमानपत्रांत चर्चा होते ती उमेदवाराच्या शोधनिबंधांची, पुरस्कारांची आणि विचारसरणीची. कोणीच विचारत नाही की हा माणूस अधिसभेत बहुमत नसताना काय करील. विद्यार्थी, प्राध्यापक, कर्मचारी यांच्यापैकी कोणाला उत्तर देणे त्याला बंधनकारक वाटेल? की केवळ नेमणाऱ्यालाच?

३६/ ‘विद्वान बसवा’ ही मागणी करणाऱ्यांची फसगत येथेच होते. नेमणुकीची किल्ली कोणाच्या हाती आहे हा प्रश्न ते सोडून देतात आणि किल्लीने आत येणारा माणूस चांगला असावा, एवढीच प्रार्थना करतात. प्रार्थना फळली तर जदुनाथ मिळतात. न फळली तर कोण मिळते, ते सर्वांना माहीत आहे. दोन्ही वेळा विद्यापीठ मात्र स्वतःचा कारभार स्वतः सुधारण्याची सवय गमावून बसते.

३७/ आणि ‘आमची संस्था, आमची माणसे, बाहेरच्याने बोलू नये’ असे म्हणणाऱ्यांनीही आशुतोषांच्या नावामागे लपू नये. स्वायत्तता ही गटाची जहागीर झाली की तिच्या रक्षणासाठी कोणी उभे राहत नाही. सैल परीक्षा, ओळखीच्या नेमणुका आणि लपवलेले हिशेब हेच बाहेरच्या हस्तक्षेपाचे आमंत्रण ठरते. कलकत्त्याने जदुनाथांना हरवले, पण त्यांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे दिली नाहीत. ती उधारी पुढच्या पिढ्यांनी फेडली.

३८/ जदुनाथ १९५८ साली गेले. कलकत्त्यातील लेक टेरेसवरील त्यांच्या घरात पुढे, १९७३ साली स्थापन झालेली सामाजिक शास्त्रांची एक संशोधन संस्था नांदली. तेथे बसून काम करणाऱ्या अनेक इतिहासकारांना जदुनाथांची इतिहासपद्धती मान्य नव्हती. राजे आणि लढाया सोडून ते शेतकऱ्यांचा, श्रमिकांचा इतिहास शोधत होते. एकमेकांशी वाद घालत, मतभेद सांभाळत त्यांनी ती संस्था चालवली.

३९/ एका खुर्चीवरून जदुनाथांना जे साधले नाही, ते त्यांच्या घराच्या खोल्यांत, त्यांच्याशी असहमत असणाऱ्यांनी साधले. पुढच्या वेळी एखाद्या विद्यापीठाला थोर विद्वान कुलगुरू मिळाल्याची बातमी वाचाल, तेव्हा अभिनंदन जरूर करा. फक्त त्याच दिवशी हेही विचारा : त्यांना किल्ली कोणी दिली, आणि आत बसलेल्यांना कोणी विचारले?

(समाप्त)